भोक मच्छरदाणीला, ताप लेकराला

वाचकहो, आज दिवस मावळायच्या आत एक काम करा. घरातली मच्छरदाणी सोडवून अंगणात आणा. दोघांनी दोन टोके धरा आणि ती उन्हाकडे उचलून आतून बघा. रात्री चिमणीएवढ्या दिव्याच्या उजेडात जे दिसत नाही ते उन्हात लख्ख दिसेल. कोपऱ्याची नाडी जिथे शिवलेली असते तिथे चिरलेले, खालच्या काठाला बाजेच्या खिळ्याने ओढलेले, मधेच कुठे बिडीच्या ठिणगीने जळून गोल झालेले. पाच-सहा भोके तर चांगल्या जपलेल्या मच्छरदाणीतही निघतात. त्यातले कोणते भोक हसण्यावारी न्यायचे आणि कोणते आजच्या आज शिवायचे, एवढाच प्रश्न या लेखात आहे. प्रश्न दिसायला बारीक आहे, पण त्या जाळीखाली निजणारे लेकरूही बारीकच असते.

शेवगाव तालुक्यात डासांचे काय काम, आमच्याकडे तर प्यायलाच पाणी नसते, असे पाथर्डीच्या अंगाच्या गावातले लोक म्हणतील. अर्धी गोष्ट खरी आहे. आपला तालुका एका अंगाने कोरडा आणि दुसऱ्या अंगाने ओला. मुळा धरणाचा उजवा कालवा आला, चाऱ्या आल्या, चाऱ्यांच्या कडेने पाझर आला. उत्तरेला जायकवाडी. त्या धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली, १९७६ साली ते पुरे झाले, आणि नाथसागराचे पाणी आपल्या गोदाकाठच्या शिवारांना येऊन भिडले. पाणी ओसरते तसे काठावर गाळपेर होते आणि खोलगट जागी डबकी साचून राहतात. पाण्याबद्दल कोणी तक्रार करू नये. ज्या पाण्यासाठी माणसे झुरली ते पाणी आले. पण हिवतापाचा डास गटारात वाढत नाही, त्याला असेच स्वच्छ, संथ, उन्हातले पाणी लागते. चारीच्या कडेचे डबके, नदीच्या पात्रात राहिलेले डोह, न वापरली जाणारी विहीर, ही त्याची वस्ती. कोरड्या गावात साठवणीचे हौद आणि रांजण असतात, तिथे दुसरा डास होतो. तो दिवसा चावतो आणि डेंग्यू देतो. म्हणजे दोन्ही अंगांना मच्छरदाणी लागतेच. एकाकडे रात्री लागते, तर दुसऱ्याकडे दुपारी झोळीत निजवलेल्या तान्ह्यासाठी.

हिवताप आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, हेही खरे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हा ताप येई आणि सुमारे आठ लाख दगावत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली निर्मूलनाचा झाला. भिंतींवर डीडीटीचे पांढरे पट्टे ओढणारे फवारणीवाले आणि दारावर खडूने तारीख टाकून जाणारे कर्मचारी आजच्या आजोबांना आठवत असतील. १९६५ च्या सुमारास रोगी लाखावर आले. मग ढिलाई आली, डासांना औषध पचू लागले, आणि १९७६ साली देशात पुन्हा ६४ लाखांवर रोगी नोंदले गेले. गेलेला पाहुणा असा परत येतो. आज महाराष्ट्रातला हिवताप मुख्यतः गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आणि मुंबईत आढळतो. पण माणसे एका जागी बसत नाहीत. आपल्याकडची कुटुंबे उसाच्या तोडीला जातात, ट्रकवर जातात, मुंबईला बांधकामावर जातात. जंतू माणसाच्या रक्तातून प्रवास करतो. तापलेला माणूस आला आणि चावायला योग्य डास असला की साखळी जुळायला तिसरे काही लागत नाही.

मच्छरदाणीच्या आत काय घडते

डासाच्या अंगात हिवतापाचा जंतू वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ सालच्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत सिद्ध केले. त्यांनी केले काय, तर हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला मच्छरदाणीत निजवले आणि आत डास सोडले. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा दिला. मग ते डास पाळून, कापून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि २० ऑगस्टला डासाच्या पोटात जंतू सापडला.

ही गोष्ट सांगण्याचे कारण वेगळे आहे. रॉस यांनी मच्छरदाणी वापरली ती डास बाहेर जाऊ नयेत म्हणून. फाटक्या मच्छरदाणीचे हेच होते. डास अंगाच्या उबेने आणि श्वासाच्या वासाने माग काढत येतो, जाळीवर फिरतो, भोक सापडले की आत शिरतो. पोट भरल्यावर मात्र त्याला बाहेर जायचे भोक सापडत नाही. तो आतच बसतो आणि भूक लागली की पुन्हा चावतो. सकाळी मच्छरदाणीच्या आत कोपऱ्यात रक्ताने टम्म फुगलेले डास बसलेले तुम्ही पाहिले असतील. बाहेरच्या खोलीत डास हजार ठिकाणी भटकला असता. इथे त्याच्यापुढे एकच अंग असते, आणि ते अंग जर तीन वर्षांच्या पोराचे असेल तर त्याला गाढ झोपेत हाकलताही येत नाही.

आपल्या खेड्यापाड्यांतला हिवतापाचा मुख्य डास गोठ्यात राहणारा आहे. त्याला जनावराचे रक्त जास्त आवडते. पण गोठा आणि निजायची जागा यांच्यामध्ये एक कुड असला तर त्याला इकडे यायला कितीसा वेळ लागतो? तो दिवस मावळल्यापासून पहाटेपर्यंत चावतो. जंतू घेतलेल्या डासाच्या अंगात तो जंतू पिकायला दहाबारा दिवस लागतात, त्यानंतरच त्याचा चावा रोग देतो. हे दहाबारा दिवस लक्षात ठेवा, पुढे त्यांचा उपयोग आहे.

औषधाची जाळी आणि बाजारची जाळी

मच्छरदाण्या दोन जातीच्या असतात, आणि भोकाचा हिशेब दोघींना वेगळा लागतो. ही गोष्ट फार थोड्या घरांना ठाऊक असते.

पहिली औषधाची. तिच्या धाग्यातच डेल्टामेथ्रिन, पर्मेथ्रिन किंवा अल्फासायपरमेथ्रिन यांसारखे कीटकनाशक मुरवलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे अशा जाळीचे औषध २० धुण्यांपर्यंत आणि सुमारे ३ वर्षे टिकले पाहिजे. गडचिरोलीत शासनाने अशाच मच्छरदाण्या वाटल्या. ओडिशा राज्याने २०१७ साली एक कोटीहून अधिक वाटल्या, आणि इतर उपायांच्या जोडीने तिथला हिवताप दोन वर्षांत झपाट्याने खाली आला. आफ्रिकेत झालेल्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा असे दिसले की मच्छरदाणी नसलेल्यांच्या मानाने औषधाच्या मच्छरदाणीत निजणाऱ्या लहान मुलांचे मृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी कमी होतात आणि घातक जातीच्या हिवतापाचे साधे हल्ले जवळजवळ निम्मे होतात.

या जाळीला भोक पडले तरी ती काही काळ काम करते, कारण भोक शोधत जाळीवर फिरणारा डास औषधाला पाय लावतो. मरतो किंवा भेलकांडत निघून जातो. मेला तर जंतू पिकायचे ते दहाबारा दिवस त्याला मिळतच नाहीत, म्हणजे शेजारचे घरही वाचते.

दुसरी जात आपल्या आठवडे बाजारात टांगलेली असते ती. नायलॉनची, सुती, लग्नात आंदण दिलेली, बाळंतपणात माहेराहून आलेली छत्रीची. यांतल्या बहुतेकींना औषध नसते. जाळी हीच तिची सगळी ताकद. तिला भोक पडले म्हणजे कुंपणाला खिंड पडली, राखण करायला आत कुत्राही नाही.

सरकारी औषधी मच्छरदाण्या जिथे हिवताप जास्त त्या गावांना जातात, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे शेवगावसारख्या ठिकाणी, जिथे घरोघरी बिनऔषधाची जाळी आहे, तिथे भोकाची फिकीर गडचिरोलीपेक्षाही अधिक करायला हवी. उलटे वाटते, पण हिशेब तसाच निघतो.

यावर बाहेर देशी अभ्यास झाले आहेत. विषुववृत्तीय गिनी आणि मलावी या आफ्रिकेतल्या देशांत २००९ आणि २०१० साली मुलांचे रक्त तपासले आणि ती ज्या मच्छरदाणीत निजतात तिची अवस्थाही पाहिली. धड जाळीत निजणाऱ्या मुलांत जंतू कमी सापडला, आणि भोके वाढत गेली तसे संरक्षण घटत गेले. पुढे मलावीतच झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र औषधाच्या जाळीला भोके असूनही मुलांच्या आजारात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. दोन शास्त्रज्ञ दोन गोष्टी सांगतात म्हणून हसू नका. औषध जिवंत असेल आणि डास त्याला दबत असेल तर भोक झाकले जाते. औषध धुऊन गेले किंवा डास त्याला पचवू लागला की भोक उघडे पडते.

औषध पचवणे म्हणजे काय, हे कापूस लावणाऱ्या शेवगावकरांना सांगायला नको. हीच सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे आपण कपाशीवर मारली. सुरुवातीला एका फवाऱ्यात बोंडअळी गळून पडायची. १९८७ साली आंध्रच्या कापूसपट्ट्यात अळी या औषधांना दाद देईनाशी झाली, फवाऱ्यावर फवारे गेले आणि पीक हातचे गेले. डासांचेही कित्येक मुलखांत तसेच झाले आहे. म्हणून आता दोन औषधे एकत्र असलेल्या जाळ्या निघाल्या. त्यांतल्या क्लोरफेनापायर असलेल्या जाळीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२३ मध्ये केली. औषधे येतील आणि जुनी होतील. धड जाळीला मात्र कोणताही डास पचवू शकत नाही.

अंगठा, मूठ आणि डोके

भोके मोजायची एक सोपी रीत आरोग्य खात्याची माणसे जगभर वापरतात. तिला पट्टी लागत नाही, आपला हात पुरतो.

ज्यातून अंगठा जात नाही ते पहिल्या मापाचे भोक, म्हणजे दोन सेंटिमीटरच्या आतले. अंगठा जातो पण मूठ जात नाही ते दुसऱ्या मापाचे, दहा सेंटिमीटरपर्यंत. मूठ जाते पण डोके जात नाही ते तिसऱ्या, पंचवीसपर्यंत. डोके जाते ते चौथ्या. आता गुण द्यायचे. पहिल्याला १, दुसऱ्याला २३, तिसऱ्याला १९६ आणि चौथ्याला ५७६. सगळ्यांची बेरीज करायची. ६४ पर्यंत बेरीज आली तर जाळी चांगली, ६५ पासून ६४२ पर्यंत आली तर खराब पण चालवण्याजोगी, त्यापुढे गेली तर ती टाकून नवी आणायची.

समजा, तुमच्या जाळीला अंगठ्याच्या आतली तीन भोके आणि अंगठा जाईल अशी दोन आहेत. तीन आणि शेहेचाळीस, एकोणपन्नास. जाळी चांगली. मूठ जाईल अशी चार असतील तर सातशे चौऱ्याऐंशी, जाळी गेली. पोरांना शाळेत बेरीज-गुणाकार शिकवतात, हा हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्या. पोरे आवडीने करतात, आणि भोकात मूठ घालून बघायला त्यांना सांगावे लागत नाही.

पण हे गुण औषधाच्या जाळीसाठी ठरवलेले आहेत. बिनऔषधाच्या जाळीला मी ही सूट देणार नाही. डासाला शिरायला अंगठ्याएवढी वाट म्हणजे राजरस्ता. अशा जाळीला एकही भोक शिवल्याशिवाय ठेवू नये.

आणखी एक गोष्ट हा हिशेब सांगत नाही, ती म्हणजे भोक कुठे आहे. इंग्लंडात लिव्हरपूल येथे संशोधकांनी मच्छरदाणीत माणूस निजवून रात्री डास कसे फिरतात त्याचे चित्रण केले. ते निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाले. डास बाजूंपेक्षा छतावरच जास्त घुटमळत होते, आणि तेही निजलेल्याच्या छातीच्या वरच्या भागात. अंगाची ऊब आणि श्वास वर जातो, डास त्या वाफेला धरून खाली येतो. चूल पेटली की धूर कुठे जातो ते पाहिलेल्याला हे पटायला वेळ लागत नाही. आपण मात्र भोके शोधतो ती खालच्या काठाला, कारण डोळ्यांसमोर तीच येतात. फाटतेही खालीच जास्त. पण छताला पडलेले एक भोक काठाच्या चार भोकांना भारी आहे. म्हणून जाळी शिवायला बसाल तेव्हा आधी छत घ्या.

फाटते कशाने

आफ्रिकेतून आलेल्या माहितीत उंदीर, दिव्याची ज्योत, खाटेचे टोक आणि हाताळणी हीच कारणे पुन्हापुन्हा येतात. आपल्या घरातही याहून वेगळे नाही, फक्त वस्तू आपल्या आहेत.

बाज पाहा. काथ्याचे तुसे, गाताचे फुटलेले लाकूड, पायाला मारलेला खिळा. रोज रात्री जाळी खोवताना आणि सकाळी ओढताना ती तिथेच अडकते. खिळ्यावर चिंधी गुंडाळा, लाकूड काचेच्या तुकड्याने किंवा पॉलिशपेपरने घासून घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे. काठ वाकळेखाली खोवायचा, बाजेच्या दोरीत नाही.

उंदीर जाळीसाठी येत नाही. तो येतो निजताना पोराच्या हातात राहिलेल्या भाकरीच्या तुकड्यासाठी, बिस्किटासाठी, दुधाच्या वासासाठी. खाणे जाळीबाहेर उरकले की अर्धे उंदीर थांबतात. दिवसा जाळी सोडून, घडी घालून, धान्याच्या पोत्यापासून लांब खुंटीला पिशवीत टांगावी. बऱ्याच घरांत ती दिवसभर तशीच वर गोळा करून फेकलेली असते. तिच्यावर टॉवेल पडतो, पोरे तिच्यात लपाछपी खेळतात, मांजर छतावर झोपते. छताची वाट लागते ती अशी.

ज्योतीबद्दल जास्त सांगायला नको. वीज गेली की मेणबत्ती किंवा चिमणी येते, कोपऱ्यात डासांची अगरबत्ती जळत असते, आणि वडीलधाऱ्यांची बिडी. नायलॉन आणि पॉलिस्टर पेट घेतात, वितळून अंगाला चिकटतात. इथे भोकाची नव्हे, लेकराच्या जिवाची बाब आहे.

पत्र्याच्या छपराला नाडी बांधतात तेव्हा पत्र्याची धार नाडी कापते आणि कोपरा खाली येतो. मग जाळी निजलेल्याच्या अंगाला टेकते. टेकलेल्या जाळीतून डास बाहेरूनच चावतो, भोक लागत नाही. लहान मूल झोपेत लोळत जाऊन जाळीला चिकटते, म्हणून त्याला मध्ये निजवा आणि भिंतीच्या बाजूला उशी लावा.

छत्रीच्या मच्छरदाणीला आणि चेनच्या मच्छरदाणीला आणखी एक रोग असतो. चेन बिघडते. दोन दात निसटले की तिथे बोटभर फट राहते आणि ती कोणी भोकात धरत नाही. चेन बसवून घ्या, नाहीतर तो भाग सरळ टाके घालून बंद करून खालून आतबाहेर करा.

तोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट निराळी. कोपीत जाळी बांधायला धड दांडी नसते, पाचटाचे तुसे चहूकडून टोचतात, आणि आईबाप पहाटे अंधारात फडावर निघतात. पोर आत झोपलेले आणि जाळीचा काठ उचललेला, अशी ती वेळ असते. नेमका डासही तेव्हा चावत असतो. निघताना काठ पुन्हा खोवण्याचे काम कोणाचे, हे आदल्या रात्री ठरलेले असावे. थोरल्या बहिणीवर ते टाकायचे तर तिलाही सांगून ठेवावे, तिच्या झोपेत ते राहून जाते. कोपीसाठी न्यायची जाळी गर्द रंगाची आणि जाड धाग्याची घ्या, आणि सोबत सुईदोरा द्या.

शिवायचे कसे

ज्या घरात वाकळ शिवली जाते त्या घरात मच्छरदाणी शिवणे म्हणजे काहीच नाही. तरी ती शिवली जात नाही. फाटके लुगडे लगेच दिसते, त्याची लाज वाटते. मच्छरदाणी रात्रीच वापरायची, तिला कोण बघते? म्हणून ती राहून जाते.

अंगठ्याच्या आतले भोक असेल तर शिवायचीही गरज नाही. भोकाच्या कडा चिमटीत गोळा करून दोऱ्याचे चार वेढे द्या आणि गाठ मारा. चिरलेली जाळी असेल तर दोन्ही कडा एकावर एक अर्धा बोट घेऊन धावदोरा घाला. टोकाच्या पुढे दोन टाके न्या, नाहीतर शिवण संपते तिथून पुन्हा उसवते. जळालेल्या भोकाची कड कडक झालेली असते, ती आधी कात्रीने कापून टाका. मूठ जाईल एवढ्या भोकाला ठिगळच लागते. ठिगळ जुन्या मच्छरदाणीचेच लावावे, जाड कापडाचे लावले तर त्याच्या भाराने शेजारची जाळी फाटते आणि वाराही अडतो. मच्छरदाणीच्या वाऱ्याबद्दल आधीच घरात कुरकुर असते, तिला निमित्त देऊ नका.

खालच्या काठाला मात्र जाड कापड चांगले. जुन्या धोतराची किंवा साडीची वीतभर पट्टी चहूबाजूंनी लावली तर काठ जड होतो, खोवायला सापडतो आणि बाजेला घासतो तो कापडाचा भाग. जाळीपेक्षा हा काठ कितीतरी दिवस टिकतो.

नवी घेताना जाळी बोटांत ताणून पाहा. डासाला अडवायला एका चौरस इंचात सुमारे १५६ घरे असावीत, म्हणजे एका इंचाच्या रेघेत बारा-तेरा. पट्टी घेऊन दुकानात मोजायला संकोच वाटत असेल तर शाळकरी पोराला न्या.

दोन गोष्टी करू नका

घरात कपाशीचे औषध उरलेले असते. जाळीला औषध लागते असे ऐकले की कोणाच्याही मनात येईल, बादलीत चार थेंब टाकून जाळी बुडवून काढावी. हे कदापि करू नका. नाव सारखे असले तरी शेतीच्या औषधात ती पाण्यात मिसळावी म्हणून वेगळे विद्रावक घातलेले असतात आणि त्याची मात्रा पिकासाठी ठरवलेली असते. लेकरू त्या जाळीला रात्रभर तोंड लावून निजते, जाळी चघळतेसुद्धा. कारखान्यात धाग्यात मुरवलेले औषध आणि घरी बादलीत कालवलेले औषध यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरी गोष्ट, औषधाची जाळी असेल तर ती चुरगाळून, आपटून, सोड्याच्या गरम पाण्यात धुऊ नका आणि उन्हात वाळवू नका. थंड पाणी, साधा साबण, सावली. वीस धुण्यांचे औषध दर आठवड्याला धुतले तर पाच महिन्यांत संपेल. त्या धुण्याचे पाणी ओढ्यात, विहिरीत, नाथसागरात टाकू नका, हे औषध माशांना फार बाधते. बिनऔषधाची जाळी हवी तेवढी धुवा, आपटू मात्र नका.

जाळी एकच असेल तर

घरात धड जाळी एकच असते तेव्हा ती कोणाला मिळते? खरे सांगायचे तर पाहुण्याला, नाहीतर कर्त्या पुरुषाला, कारण त्याला सकाळी मोट नसली तरी मोटार चालू करायला जायचे असते. पोरे आजीजवळ फाटक्या जाळीत. हा क्रम उलटा करायला हवा. मोठ्या माणसाला हिवताप झाला तर बहुधा तो चार दिवस थरथरून उठतो. पाच वर्षांच्या आतल्या पोराचे तसे नसते. जगात २०२३ साली हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली, आणि तिथे दगावलेल्यांत दर चारांतली तीन पाच वर्षांच्या आतली मुले होती. फाल्सिपेरम जातीचा जंतू मेंदूत गेला तर पोराला झटके येतात, शुद्ध हरपते. ताप सुरू झाल्यापासून एका दिवसात गोष्ट हाताबाहेर जाऊ शकते. गरोदर बाईला झाला तर अंगातले रक्त उतरते आणि मूल वजनाने कमी जन्मते. म्हणून धड जाळी आधी गरोदर बाईला आणि तान्ह्याला, मग पाचाच्या आतल्यांना, मग इतरांना. सासूबाई, तुमच्या शब्दाला घरात मान आहे, हा क्रम तुम्ही लावलात तर कोणी मोडणार नाही.

जाळी धड असूनही पोराला थंडी वाजून ताप आला, किंवा नुसताच ताप आला, तर अंगारा लावा हवा तर, पण त्याच दिवशी आशाताईंना बोलवा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासणी होते, तिला पैसे पडत नाहीत. हिवताप निघाला तर औषधही तिथेच मिळते, आणि जंतूच्या जातीप्रमाणे ते वेगवेगळे असते. म्हणून शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या देऊ नका. व्हायवॅक्स जातीचा जंतू यकृतात लपून राहतो, त्यासाठी चौदा दिवसांच्या गोळ्या देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि पोर खेळू लागते, तेव्हाच त्या गोळ्या फडताळात पडून राहतात. दोन महिन्यांनी तोच ताप पुन्हा येतो आणि आपण दोष मच्छरदाणीला देतो. तोडीला जायचे असेल तर गोळ्या आणि त्यांची चिठ्ठी एकाच पिशवीत बांधून बरोबर न्या, आणि फडाजवळच्या आरोग्य केंद्रात चिठ्ठी दाखवा.

शिवण्यापलीकडे गेलेली जाळी फेकू नका. बिनऔषधाची असेल तर तिची चांगली बाजू ठिगळांसाठी कापून ठेवा आणि बाकीची हौदावर, रांजणावर ताणून बांधा. डेंग्यूचा डास तिथे अंडी घालतो, त्याला वाट राहणार नाही. औषधाची असेल तर ती पाण्याच्या भांड्यावर किंवा अन्नावर घालू नका आणि तिने मासे धरू नका. घराची खिडकी किंवा गोठ्याचा झरोका लावायला ती उत्तम.